एका दिवसात तीन देव करू नका: सोलापूरच्या गाडीवाल्याचा सल्ला

फोन बहुतेक रात्री नऊनंतर येतो. कधी ठाण्याहून, कधी नाशिकहून. "दादा, उद्या रात्रीच्या गाडीनं सोलापूरला उतरतोय. परवा सकाळी निघून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर तिन्ही होतील ना? रात्री परतीचं रिझर्वेशन आहे."

एकवीस वर्षं मी सोलापुरात भाड्याची गाडी चालवतो. आधी इंडिका होती, आता सात सीटची आहे. या प्रश्नाला मी पूर्वी "होतील की" म्हणायचो आणि पहाटे पाचला स्टेशनजवळच्या लॉजसमोर गाडी लावायचो. आता नाही म्हणतो. भाडं जातं कधीकधी, जाऊ दे.

हिशोब बघा. सोलापूर ते अक्कलकोट चाळीस किलोमीटर. तिथून नळदुर्गावरून तुळजापूर सत्तरच्या आसपास. तुळजापूरहून पंढरपूर एकशेदहा-पंधरा. पंढरपूरहून सोलापूर पंचाहत्तर. म्हणजे तीनशेच्या घरात. सहा-सात तास नुसते गाडीत जातात, उरलेले रांगेत. जेवण धाब्यावर, तेही घड्याळाकडे बघत. एकदा नाशिकच्या एक आजी होत्या, सोबत मुलगा, सून, नातू. अक्कलकोट झालं, तुळजापूरला रांगेत चार तास गेले, पंढरपूरला पोचायला संध्याकाळचे सात वाजले. रांग पार लांब गेलेली आणि गाडी साडेदहाची. आजींनी नामदेव पायरीवर डोकं टेकलं, तिथूनच हात जोडले आणि आम्ही फिरलो. मोहोळपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षांनी आले होते रे." मला ते वाक्य आजही त्या रस्त्यावर आठवतं. तेव्हापासून मी पाहुण्यांना आधी सांगतो: दिवसाला एकच देव. उरलेला वेळ त्या वाटेवर जे आहे त्याला द्या. खाली लिहितोय ते सगळं त्या उरलेल्या वेळाबद्दल आहे.

कधी यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये येऊ नका, अगदी सुट्टी तेव्हाच असली तरी. पारा बेचाळीसच्या वर जातो, मंदिराच्या फरशीवर पाय ठेववत नाही, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्रास होतो. उन्हाळ्यात यावंच लागलं तर पहाटे साडेपाचला निघायचं, अकराला खोलीवर परत, पुन्हा संध्याकाळी पाचनंतर बाहेर. आणि एक विनंती. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. लॉजवर असा की कुणाच्या घरी, नळ सोडून ठेवू नका.

अक्कलकोट

गुरुवार आणि पौर्णिमा टाळा. सकाळी सातच्या आत पोचलात तर वटवृक्ष मंदिरात निवांत बसायला मिळतं. स्वामी समर्थ १८५६ साली अक्कलकोटात आले आणि १८७८ ला देह ठेवीपर्यंत इथंच राहिले. बहुतेक लोक वटवृक्षाचं दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि गाडीत बसतात. समाधी तिथं नाहीच. समाधी आहे बुधवार पेठेतल्या चोळप्पाच्या, म्हणजे स्वामींच्या शिष्याच्या घरी, गावातल्या गल्लीत. माझ्या गाडीतले निम्मे लोक "अरे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं" असं म्हणतात, आणि त्यातले काही जण चौथ्या-पाचव्या खेपेला आलेले असतात. मंदिरापासून चालत जाता येतं. घर आहे तसं घरासारखं वाटतं, आवाज कमी, तिथं दहा मिनिटं डोळे मिटून बसा.

दुपारी अन्नछत्रात जेवा. पैसे मागत नाहीत, रांग लांब दिसली तरी पंगत भराभर उठते. ताटात घ्याल तेवढं संपवा. संस्थानच्या भोसल्यांचं शस्त्रागार राजवाड्यात आहे, उघडं आहे का ते आधी गावात विचारा. उघडं असेल तर मुलांना जरूर दाखवा.

तुळजापूर आणि नळदुर्ग

तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, रविवार, पौर्णिमा या दिवशी गर्दी असते. बुधवारी किंवा गुरुवारी जा. कोजागिरीला तर सोलापूरपासूनचा सगळा रस्ता चालणाऱ्यांचा असतो. बायका, पोरं, म्हातारी माणसं रात्रभर पायी जातात, जागोजागी चहा-फराळाचे मांडव. त्या रात्री गाडीनं जायचा विचार सोडा. चालायची ताकद असेल तर मात्र चाला, पंचेचाळीस किलोमीटर, सोबत माणसं असतात.

तुळजापूरवरून परतताना वाट थोडी वाकडी करून नळदुर्ग घ्या. किल्ला हैदराबाद रस्त्यावर आहे. बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच महाल केला, त्याला पाणीमहाल म्हणतात. पाऊस चांगला झाला आणि धरण भरलं की बांधावरून दोन धारा पडतात, एक नर, एक मादी. तुम्ही आत महालात उभे आणि पाणी तुमच्या डोक्यावरून खाली पडतंय. ऑगस्ट ते ऑक्टोबर यातला एखादा दिवस मिळाला तर बाकी सगळं सोडून हे बघा. पण जायच्या आदल्या दिवशी नळदुर्गात कुणाला तरी विचारून घ्या, धारा सुरू आहेत का. इंटरनेटवरचे फोटो बघून मे महिन्यात आलेले लोक मी पाहिलेत. कोरडा बांध बघून पोरं हिरमुसतात. किल्ला तेव्हाही चांगलाच आहे, पण धबधबा बघायला म्हणून येऊ नका.

पंढरपूर

एकादशीला, तीही आषाढी-कार्तिकीला, वारीत चालत येणार असाल तर या. गाडीनं दर्शनाला म्हणून येणार असाल तर ते दिवस वारकऱ्यांचे आहेत, त्यांना राहू द्या. इतर वेळी आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे पोचा. पदस्पर्शाची रांग मोठी असेल आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर मुखदर्शन घ्या. लांबून दिसतं, पण दिसतं. दर्शनासाठी पैसे लागत नाहीत. मंदिराजवळ कुणी बाजूला घेऊन "पाचशेत आत सोडतो" म्हणालं तर ऐकू नका. माझ्या पाहुण्यांचे एकदा दोन हजार असे गेले आणि रांगेत उभं राहावं लागलंच.

माझा क्रम सांगतो. आधी चंद्रभागा. पाणी कसंही असो, पायरीवर बसा, पुंडलिकाचं दर्शन घ्या. मग महाद्वाराकडे या, तिथं पायरीशी चोखोबांची समाधी आहे आणि समोर नामदेव पायरी. चोखोबांना आयुष्यभर आत जाऊ दिलं नाही, हे सोबतच्या मुलांना सांगा. आणि १९४७ साली सानेगुरुजींनी याच गावात उपोषण केलं, तेव्हा कुठं हे दार सगळ्यांना उघडलं, हेही सांगा. मग रांगेत उभं राहा. रांगेत उभं राहण्याचा अर्थ मुलांना वेगळा लागतो. माझ्या मुलीला लागला. ती आठवीत होती, विठ्ठलासमोरून बाहेर आल्यावर पुन्हा चोखोबांच्या समाधीपाशी गेली आणि बुक्का लावून आली.

खरेदीत कुंकू, बुक्का, तुळशीची माळ, चुरमुरे. बाकी प्लास्टिकच्या वस्तू तुमच्या गावातही मिळतात.

वाटेवरचं मंगळवेढा, माचणूर

पंढरपूरहून सरळ मोहोळमार्गे न येता मंगळवेढ्यावरून या. थोडं अंतर वाढेल, पण दुष्काळात लोकांना धान्याची कोठारं उघडून देणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव. कान्होपात्रा इथली. चोखोबा इथल्याच गावकुसाच्या कामावर भिंत पडून गेले. आणि दोन्ही बाजूला ती काळी जमीन, जिच्यात मालदांडी ज्वारी येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. डिसेंबर-जानेवारीत कणसं भरलेली असतात, गाडी थांबवून बघा. नुसत्या ओलीवर, थंडीच्या दवावर हे पीक उभं राहतं.

पुढे माचणूर. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ आणि घाट, शेजारी औरंगजेबानं बांधलेला किल्ला. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं त्याची छावणी जवळच्या ब्रह्मपुरीला होती. किल्ल्यात बघण्यासारखं फार उरलेलं नाही, तो दहा मिनिटांत होतो. घाटावर मात्र तास काढा. पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. संध्याकाळी पाचला सूर्य नदीपलीकडे कलतो, देवळातली घंटा अधूनमधून वाजते, कुणीतरी म्हशी पाण्यातून हाकत असतो. खोल पाण्यात उतरू नका, पाय घसरतो. चिवडा-चहा घरून आणा, तिथं मिळेलच असं नाही.

कुडल

आता ज्या जागेसाठी मी हे लिहायला घेतलं ती सांगतो. हत्तरसंग कुडल. दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहरापासून चाळीसेक किलोमीटर, विजापूर रोडनं निघून मग आतल्या रस्त्याला लागायचं. आतल्या वळणाआधी गावात विचारून घ्या. इथं सीना नदी भीमेला मिळते. पलीकडे कर्नाटक.

संगमावर दोन जुनी देवळं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. हरिहरेश्वराचा ढिगारा उपसताना १९९९ साली एक शिवलिंग सापडलं, त्याच्यावर चहूबाजूंनी शंकराची मुखं कोरलेली आहेत, ३५९ मुखं आणि स्वतः लिंग धरून ३६०. वजन साडेचार टन म्हणतात. गोल फिरत बघा, प्रत्येक ओळीतले चेहरे बोटाएवढे बारीक, पण डोळे, ओठ, जटा सगळं दिसतं. मुलांना मोजायला लावू नका, अर्धा दिवस जाईल. एक मुख निवडायला सांगा आणि त्याचंच नीट निरीक्षण करू द्या.

पण माझा जीव अडकलाय तो संगमेश्वराच्या मंडपातल्या तुळईवर. आत अंधार असतो. टॉर्च घेऊन जा, मोबाईलचा चालेल, पण समोरून मारू नका. बाजूनं, तिरका मारा. समोरून प्रकाश पडला की दगड नुसता पांढरा दिसतो. तिरका पडला की अक्षरांच्या खाचा काळ्या होतात आणि ओळ उभी राहते. हे मला एका शिक्षकानं शिकवलं, ते विद्यार्थ्यांना घेऊन आले होते. वर संस्कृत आहे, शके ९४०, म्हणजे १०१८ साल, आणि शेवटी मराठीतली ओळ: "वाछि तो विजेया होऐवा". जो वाचेल तो विजयी होईल. मराठीत कोरलेल्या सगळ्यांत जुन्या ओळींपैकी ही एक. सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी ती वाचून जगापुढे आणली, आयुष्यभर ते गावोगाव फिरून असे दगड वाचत राहिले.

हजार वर्षं झाली. लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याचं भलं चिंतून ठेवलंय, आणि ती ओळ आपल्याला आजही कळते. मी दहावीपर्यंत शिकलोय. तरी मला कळते. पहिल्यांदा कळली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आता पाहुण्यांना नेलं की मी मुद्दाम सांगत नाही, टॉर्च धरतो आणि त्यांनाच अक्षर-अक्षर लावू देतो. "वा... छि... तो..." असं एखादं पोरगं मोठ्यानं म्हणतं आणि एकदम ओरडतं, "वाचेल तो!" हे ऐकायला मी शंभर वेळा कुडलला जाईन.

तुळईला हात लावू नका, खडू-पाणी काही लावू नका. फोटोसाठी खडू फासलेला मी बघितलाय, त्यानं खाचा भरतात.

शहरात एक दिवस

सकाळी सिद्धेश्वर मंदिर. तळ्याच्या मधोमध देऊळ, चारी बाजूंनी पाणी. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी हे तळं लोकांना घेऊन खोदलं, इथल्या माणसाच्या लेखी सोलापूर म्हणजे हेच. शेजारी भुईकोट किल्ला, बहमनी काळातला. चांदबिबीच्या लग्नात हा आंदण दिला होता, आणि या किल्ल्यावरून निजामशाही-आदिलशाहीत पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. दुहेरी तट, खंदक, आत उत्खननात निघालेले देवळाचे अवशेष. सकाळी आठ-नऊला जा, तास पुरे.

तिथून चार हुतात्मा चौक. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली तेव्हा हे शहर पेटलं, इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसणाऱ्या कितीतरी जणांना ते नाव कुणाचं ते माहीत नसतं. चारी नावं वाचा. चार नावांत एक शहर दिसतं: लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी.

भैया चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ ला चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले, १९४२ ला तिथंच वारले, वय अवघं बत्तीस. अर्धा तास द्या. महापालिकेची इंद्रभुवन इमारत बाहेरूनच बघा, आत कामकाज चालतं, पण कोरीवकाम बाहेरूनही भरपूर दिसतं.

जानेवारीत येणार असाल तर संक्रांतीला या. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची. सात नंदीध्वज, उंचच उंच काठ्या, कमरेच्या पट्ट्यात तोलून पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी चालतात. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हा गजर सगळ्या गल्ल्यांतून येतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा असतो, हजारो हातांतून एका वेळी अक्षता पडतात. तिथं उभं राहायचं तर सकाळी लवकर जागा धरा, लहान मूल खांद्यावर घ्या, गाडी होम मैदानाच्या आसपास आणूच नका. रात्री गड्ड्यावर पाळण्यांपेक्षा खायच्या राहुट्यांकडे जा. पाकीट पुढच्या खिशात.

आणि श्रावणात नारळी पौर्णिमेला आलात तर पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, मार्कंडेय महामुनींचा रथ बघा. आम्ही साखर पेठेत वाढलो, गल्लीत तेलुगू, दुकानात कन्नड, शाळेत मराठी. "बागुन्नारा?" (तेलुगूत "बरे आहात ना?") म्हणालात तर पूर्व भागातली आजी तुम्हाला चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.

चादर कशी घ्यायची

माझे वडील चादरीच्या कारखान्यात माग चालवायचे. जेकार्डच्या मागावर डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, त्या भोकांनी ठरतं कुठला ताणा वर उचलायचा, कुठला खाली ठेवायचा, आणि मधून धोटा पळतो. आईनं डबा पाठवला की मी दारात उभा राहायचो, आवाजानं कानठळ्या बसायच्या, वडील हातानं खूण करायचे, बोलून ऐकू यायचं नाही. घरी आल्यावरही ते मोठ्यानंच बोलायचे. कापसाची पिंज त्यांच्या भुवयांवर असायची. म्हणून चादरीच्या बाबतीत मी कडक आहे.

हायवेवर "सोलापुरी चादर" लिहिलेल्या प्रत्येक दुकानात सोलापुरी चादर असतेच असं नाही. नावाला मानांकन आहे, तरी बाहेरून आलेला माल त्या नावानं विकतात. घेताना तीन गोष्टी बघा. उलटून बघा: खऱ्या चादरीला दोन्ही बाजूंनी नक्षी असते, फक्त रंग अदलाबदल होतात, इकडे लाल मोर असला तर तिकडे लाल जमिनीवर दुसऱ्या रंगाचा मोर. हातात तोला: भारी लागली पाहिजे. आणि काठाची एक दशी मागून घ्या, काडी लावा. सुती असेल तर कागदासारखी जळते, राख होते. आटून गोळी झाली तर ते सूत नव्हे. चांगला दुकानदार याला रागवत नाही, उलट स्वतः काडी देतो. दुकान पूर्व भागात शोधा, आणि विनंती केली तर एखादा कारखानदार माग बघू देतो. ते बघायला मिळालं तर चादरीपेक्षा जास्त मिळालं. पहिले दोन-तीन धुणे वेगळे करा, रंग सुटतो.

खाणं

शेंगाचटणी आणि कडक भाकरी दोन्ही न्या. चटणी उखळात कुटलेली घ्या, मिक्सरची नको. ओळखायची खूण सोपी: मुठीत दाबा. कुटलेलीला तेल सुटलेलं असतं, ती गोळा धरून राहते. मिक्सरची भुरभुरते. दह्यात कालवून कडक भाकरीशी खा. भाकरी ज्वारीची घ्या, बाजरीचीही मिळते, दोन्ही महिनाभर टिकतात, पण पिशवीत सगळ्यांत वर ठेवा, नाहीतर घरी चुरा पोचेल. मटण खाणाऱ्यांनी रस्सा आधी थोडा घ्या, काळ्या मसाल्याचा तिखटपणा नंतर चढतो. आठवडी बाजाराच्या गावात बाजार आमटी दिसली तर थांबा, अनेक डाळी एकत्र शिजवून केलेली, भाकरी कुस्करून खायची.

हुरडा डिसेंबर अखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. मोठ्या पार्ट्यांच्या जागा टाळा, जिथं डीजे असतो तिथं हुरडा थंड येतो. ओळखीतून एखाद्या शेतकऱ्याला आदल्या दिवशी फोन करा. तो खड्डा करून आगटी पेटवतो, गोवऱ्यांवर कणसं भाजतो, गरमागरम कणीस हातात चोळून दाणे तुमच्या तळहातावर ओततो. दाणा हिरवा आणि ओला हवा. चटणी, गूळ, दही, बोरं सोबत. पैसे आधीच ठरवा आणि त्याला ते द्या, पाहुणचार म्हणून फुकट खाऊ नका, कणसं विकून त्याला ज्वारीचे पैसे मिळणार असतात.

न बघितलं तरी चालेल असं

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं, शहरापासून वीस किलोमीटर. माळढोक दिसेल या आशेनं येऊ नका, मला कित्येक वर्षांत दिसलेला नाही, आणि ते मला फार लागतं. गवताळ माळ, काळवीट आणि नशीब असेल तर लांडगा बघायचा म्हणून आलात तर पहाटे या आणि शांत बसा. पोरांना पिंजऱ्यातले प्राणी हवे असतील तर ही जागा त्यांची नाही.

उजनीची भिंत बघायला मुद्दाम वळू नका. पाणी सोडलेलं असेल तेव्हा ठीक. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर धरणाच्या फुगवट्यावर भिगवणकडे जा, किंवा शहराजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर सकाळी डोकावा. करमाळ्याचं कमलाभवानी मंदिर आणि ९६ पायऱ्यांची विहीर सुंदर आहे, पण सोलापूरहून लांब पडते. पुण्या-नगरकडून येताना घ्या, मुद्दाम जाऊन-येऊन दिवस घालवू नका.

गाणगापूरही या सहलीत कोंबू नका. ते कर्नाटकात आहे, भीमा-अमरजेच्या संगमावर, त्याला स्वतंत्र दिवस लागतो.

दोनच दिवस असतील तर माझं सांगणं असं. पहिल्या दिवशी पहाटे पंढरपूर, परतताना मंगळवेढा, संध्याकाळ माचणूरच्या घाटावर. दुसऱ्या दिवशी सकाळी कुडल, दुपारी शहर, संध्याकाळी पूर्व भागात चादर. अक्कलकोट-तुळजापूर पुढच्या वेळी. गाडी माझी असो की दुसऱ्या कुणाची, कुडलला निघण्याआधी टॉर्चचे सेल तपासा, आणि ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा की तिथं किमान दोन तास थांबायचंय.